नमुना आणि विणणारी : एलिझाबेथ झिमरमन यांच्या कामाविषयी

आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी कांटवर बोलेन, नाहीतर सौंदर्यशास्त्रावर. मी म्हटलं, मला स्वेटर विणणाऱ्या एका बाईंवर बोलायचंय. पलीकडे जरा वेळ शांतता. (हशा) पण ऐकून घ्या, कांट मधे येणारच आहे.

त्या बाईंचं नाव एलिझाबेथ झिमरमन. जन्म १९१०, इंग्लंडमधला. कलेचं शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये आणि म्युनिकमध्ये. नवरा आर्नोल्ड हा बिअर बनवण्याच्या विद्येतला जर्मन माणूस. तो हिटलरविषयी काही वाकडं बोलला, ते नको त्या कानांवर गेलं आणि त्याला देश सोडावा लागला. १९३७ मध्ये लग्न करून दोघं अमेरिकेला गेले आणि पुढे विस्कॉन्सिन राज्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहिले. १९९९ मध्ये बाई गेल्या. चरित्र एवढं पुरे. मला बोलायचंय ते १९५० च्या दशकात त्यांच्या बाबतीत घडलेल्या एका गोष्टीविषयी.

झिमरमनबाईंनी एका मासिकाला स्वेटरचा नमुना पाठवला होता. स्वेटर गोल सुईवर, नळीसारखा, एकसंध विणलेला. अंक हातात आला तेव्हा फोटो त्यांच्याच स्वेटरचा होता, पण कृती संपादकांनी बदलून टाकली होती. आता पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, बाह्या वेगळ्या, सगळं सपाट विणायचं आणि शेवटी शिवून जोडायचं. वाचक बायकांना तीच पद्धत सवयीची, असा त्यांचा हिशेब असणार.

तुमच्यापैकी जे विणत नाहीत ते म्हणतील, मग बिघडलं काय? स्वेटर तर तोच झाला ना? इथेच मला थांबायचंय.

गोल विणताना कापडाची सुलट बाजू कायम आपल्यासमोर असते. दोन रंगांची नक्षी असेल तर ती डोळ्यांदेखत उमटत जाते, चुकलं तर त्याच क्षणी दिसतं. सपाट विणताना दर दुसरी ओळ उलट बाजूने विणावी लागते. म्हणजे निम्म्या ओळी नक्षीकडे पाठ करून, टाके मोजत, कागदावर विश्वास ठेवून. वस्तू तीच, पण विणणारीचं तिच्याशी असलेलं नातं पार बदललं. एका पद्धतीत ती बघते, दुसरीत ती आज्ञा पाळते. संपादकांनी नुसते शब्द बदलले नव्हते, विचार काढून टाकला होता.

बाईंनी तक्रारीचं पत्र लिहिण्यापेक्षा वेगळं केलं. १९५८ मध्ये स्वतःचं छोटं वार्तापत्र काढलं, १९५९ मध्ये 'स्कूलहाउस प्रेस' हा व्यवसाय सुरू केला, लोकर आणि सुया टपालाने पाठवायला लागल्या. पुस्तकं नंतर आली. 'निटिंग विदाउट टिअर्स' १९७१ चं, 'निटर्स अल्मनॅक' १९७४ चं. ही पुस्तकं गोष्टीवेल्हाळ आहेत. बाई हवामानावर बोलतात, होडीतल्या सहलीवर बोलतात आणि मधेच बाही सुरू होते. ज्यांना फक्त कृती हवी असते त्यांची चिडचिड होते. मला स्वतःला ते पाल्हाळ आवडतं.

आता माझी गोष्ट सांगते, जरा लाजिरवाणी आहे. मी प्रबंध लिहीत होते त्या वर्षीची. नाशिकची थंडी, रात्री डोकं शिणलं की विणायला बसायचे. एका मासिकातून नमुना उतरवून घेतला होता. बाहीला लिहिलं होतं, दर ३ ओळींनी दोन्हीकडे एकेक टाका वाढवा. मी वाढवत गेले. बाही तंबूसारखी पसरायला लागली. मला दिसत होतं हो! पण छापलंय ना, मग पुढे कुठेतरी ते जुळत असेल, असं म्हणत मी कोपरापर्यंत आले. आईने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अगं, हा हाताचा आकार आहे का? तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं?" छापखान्यात ६ चा ३ झाला होता, बाकी काही नाही. त्याच आठवड्यात मी प्रबंधात कांटच्या १७८४ च्या निबंधावर लिहीत होते. माणूस स्वतःची बुद्धी वापरायला का कचरतो, हा त्याचा विषय. आपण आपलं डोकं कुणाकुणाच्या हवाली करतो याची तो यादी देतो, त्यात धर्मगुरू आहे, वैद्य आहे, आणि पहिलं आहे पुस्तक. माझ्या मांडीवर तंबू पडलेला होता आणि मी कांट समजावून देत होते. (हशा)

झिमरमनबाई अशा विणणाऱ्यांना 'आंधळे अनुयायी' म्हणतात. शब्द टोचरा आहे, पण त्यांनी नुसती टीका केली नाही. नमुन्याची रचनाच अशी केली की आंधळेपणाला जागा कमी उरावी. त्यांची टक्केवारीची पद्धत बघा. आधी हातभर तुकडा विणा, इंचात किती टाके बसतात ते मोजा. समजा ५ बसले आणि स्वेटरचा घेर ४० इंच हवाय, तर २०० टाके. हे झाले शंभर टक्के. मनगटाला त्याचे २० टक्के, म्हणजे ४०. बाहीच्या वरच्या भागाला साधारण तिसरा हिस्सा, ६६. काखेत ८ टक्के, १६. गळ्याला ४० टक्के, ८०. संपलं. लोकर जाड असो, बारीक असो, माणूस लहान असो, मोठा असो. आकडे तुमचे, प्रमाण बाईंचं.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' मध्ये संगीताच्या स्वरलिपीचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं मोठं कडक आहे. लिहिलेल्या रचनेतला एक स्वर चुकला तरी तो त्या रचनेचा प्रयोग नव्हे. नेहमीचा विणकामाचा नमुना या जातीचा असतो, १२४ टाके म्हणजे १२४. झिमरमनबाईंच्या स्वेटरला हे लावून बघा, लागतच नाही. दोन बायकांच्या स्वेटरांत एकही आकडा समान नाही, तरी दोन्ही त्यांचेच. मग रचना कुठे आहे? स्वेटरमध्ये नाही, कागदावरच्या आकड्यांतही नाही. ती अवयवांमधल्या नात्यात आहे. आपल्या रागाची आठवण येते ना? बंदिश बदलते, गाणारा बदलतो, राग ओळखू येतो.

त्यांची गोल शाल तर मला याहून सुंदर वाटते. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. बाईंनी त्यावर शाल उभी केली. मध्यभागी ९ टाके. ते दुप्पट करून १८, मग ३ फेऱ्या साध्या. दुप्पट, ३६, मग ६ फेऱ्या. दुप्पट, ७२, मग १२ फेऱ्या. १४४, २४ फेऱ्या. असं पुढे. दोन दुपटींच्या मधे टाका वाढवायचाच नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात हवी ती जाळी विणा. साधीच ठेवा, आईकडून आलेली घाला. नियम फार थोडा, पण तो खरा, आणि म्हणून मोकळीक मोठी. नाहीतर गोल शालीत दर एकाआड एक फेरीत टाके वाढवत, ते नक्षीत बसवत बसावं लागतं.

आता माझे आक्षेप. पहिला, ही टक्केवारी सगळ्या शरीरांना सारखीच लागू पडत नाही. मघाच्या उदाहरणात गळा १६ इंच आला. घेर ५२ इंच धरा, गळा जवळजवळ २१ इंच येईल. छाती वाढते त्या मानाने माणसाचा गळा वाढत नाही. म्हणजे मोठ्या मापाच्या बाईने प्रमाण निमूट पाळलं तर स्वेटर खांद्यावरून घसरणार. आंधळं अनुयायित्व आकड्यांचं असतं तसं प्रमाणाचंही असू शकतं. दुसरा, शिवणीवर बाईंचा राग जरा जास्तच आहे. जड लोकरीच्या स्वेटरला शिवण आधार देते, ती नसेल तर कापड ओघळतं. संपादकांनी केलेला अन्याय त्या विसरल्या नाहीत आणि त्याचं बिल शिवणीच्या नावावर फाडलं, असं मला कधीकधी वाटतं.

एका बाबतीत मात्र त्यांना पूर्ण मार्क. त्यांनी 'इन्व्हेंट' हा शब्द नाकारला आणि स्वतःचा 'अनव्हेंट' असा शब्द केला. म्हणजे मी शोध लावला नाही, कुणीतरी कुठेतरी हे आधी केलंच असणार, मी फक्त उकरून काढलं. शेटलंडच्या आणि नॉर्वेच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोलच विणत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. काश्मिरी शैवांचा 'प्रत्यभिज्ञा' हा शब्द मला इथे आठवतो, जे आपल्यापाशी होतंच ते ओळखणं. फार ताणत नाही.

शेवटी त्यांचं सगळ्यात लाडकं काम, १९६८ चं, बाळाचं 'सरप्राइझ जॅकेट'. १६० टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, दोन ठरावीक जागी टाके कमी करत जायचं, मग वाढवायचे. विणत असताना हातात जे असतं त्याला आकारच नाही, फडकं म्हणा, चामखीळ म्हणा. काय चाललंय ते कळत नाही. टाके बंद केल्यावर कागदाच्या होडीसारखी घडी घालायची आणि एकदम अंगरखा दिसतो. खांद्यावर दोन छोट्या शिवणी, झालं.

गंमत अशी की आंधळेपणावर आयुष्यभर तुटून पडलेल्या बाईंचं हे काम, निदान पहिल्यांदा, आंधळेपणानेच विणावं लागतं. मला याचा बरेच दिवस राग होता. नातीच्या वेळी विणायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून देणार होते, बाही आठवली ना. पुरं केलं ते हट्टाने. घडी घातली तेव्हा उमगलं की टाके कमी केले ती तिरकी रेघ म्हणजे काख आणि खांदा, वाढवले ते खालचे कोपरे. सगळ्या ओळी सुलट असल्या की दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून ती रेघ बरोबर पंचेचाळीस अंशात वळते. कागदावरचा ३ आणि हा १६० यांत फरक एवढाच की हा शेवटी आपला हिशेब दाखवतो. दुसरं जॅकेट मी भाच्याच्या मुलासाठी विणलं, त्याला मान झाकेल अशी कॉलर लावली आणि बाह्या लांबवल्या. कुणाला विचारलं नाही.

वेळ झालेली दिसते. मागच्या रांगेत एक ताई मघापासून विणतायत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.