‘स्त्रीपुरुषतुलना’ : निकष कोणाचा?

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. तेव्हापासून ‘आद्य स्त्रीवादी लेखन’ या बिरुदाखाली त्याचा गौरव होत आला आहे. या गौरवात त्याच्या युक्तिवादाची घडण मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. ताराबाई कोणताही नवा निकष मांडत नाहीत. स्त्रीवर लादलेल्या दोषांची परंपरागत यादी त्या हाती घेतात आणि त्यातील एकेक दोष पुरुषाच्या वर्तनाला लावून पाहतात. तुलनेसाठी मापे एकच असावी लागतात. शास्त्राजवळ मात्र ती दोन आहेत, हे शीर्षकातील ‘तुलना’ या शब्दातच सूचित झाले आहे.

या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे सावित्रीचा दाखला. सावित्री पतीच्या प्राणांसाठी यमामागे गेली. पत्नीसाठी असे काही केलेला एक तरी पती पुराणात दाखवावा, असे त्या विचारतात. सावित्रीचा आदर्श वाचकाने स्वतःच पूजिलेला असल्यामुळे त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. प्रश्न हास्यास्पद ठरवावा तर सावित्रीकथेची थोरवी उणावते. गंभीरपणे घ्यावा तर उत्तर द्यावे लागते. इंग्रजी पोशाख आणि खाणेपिणे निःशंकपणे स्वीकारणारा पुरुष घरातील स्त्रीकडून मात्र जुन्या धर्माची अपेक्षा करतो, यावरही त्यांनी असाच नेमका घाव घातला आहे. सभांतून व्याख्याने देण्यापलीकडे न जाणारे सुधारकही त्यातून सुटत नाहीत.

प्रतिपक्षाच्या मापाने प्रतिपक्षाला मोजण्यात एक धोका असतो : माप शाबूत राहते. पातिव्रत्याच्या बाबतीत हा अंतर्विरोध निबंधात दिसतो. पतीनेही तितकेच एकनिष्ठ असावे असे म्हणताना पातिव्रत्याचे मूल्य गृहीतच धरले जाते. पण द्रौपदी आणि कुंती यांच्या कथांकडे ताराबाई ज्या खवचटपणे पाहतात, तेथे हे माप घडवणाऱ्यांच्याच प्रामाणिकपणाविषयी शंका उभी राहते. निबंधाचे खरे बळ या शंकेत आहे.

आत्मभानाचा प्रश्नही येथेच येतो. निबंधाचे निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचे. अर्भकहत्येबद्दल तिला १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली (अपिलात ती कमी करण्यात आली) आणि ‘पुणेवैभव’ने त्यानिमित्ताने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या मराठा घरातील लेखिकेचा सुरतेच्या त्या विधवेशी जातीचा वा नात्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध आरोपाने जोडला. सर्व स्त्रिया एकसारख्या, हे निंदकांचे गृहीतक ताराबाईंनी जसेच्या तसे उचलले आणि त्यातून मराठी गद्यात स्त्रियांचे एक नवे ‘आम्ही’ उभे राहिले.

या निबंधावरील टीकेला जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात उत्तर दिले. त्याच वर्षी मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना त्यांनी ग्रंथकारांनाही, माणसाला त्याचे हक्क प्रत्यक्ष देण्याच्या कसोटीवर घासून पाहिले होते. मात्र फुले त्या सभेकडे पाठ फिरवू शकले. ताराबाईंना ज्यांच्यावर आरोप करायचा त्यांच्याच घरात राहायचे होते. निबंधातील त्राग्याचे मूळ बहुधा या कोंडीत असावे. त्यानंतरचे त्यांचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही.

निबंधाची भाषा असंयत आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा ‘निबंधमाले’तील उपरोध आणि प्रतिपक्षाची बोचरी हेटाळणी यांना मराठी समीक्षेने शैलीचा गुण मानले, ती ठसकेबाजपणाची खूण म्हणून अभ्यासक्रमांतून शिकवली. ‘निबंधमाला’ आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ ही एकाच दशकाच्या आसपासची, एकाच नियतकालिकी वादसंस्कृतीत वाढलेली गद्ये आहेत. एकीकडे जे तेज, ते दुसरीकडे तोल जाणे कसे ठरते, याचे उत्तर आक्षेपकांनी आपल्याच शैलीमीमांसेच्या आधारे द्यावयाचे आहे.