न्यायमूर्ती समुपदेशकाकडे जातात

न्यायालयाचा आदेश रसिकतेनं वाचा म्हटलं, तर वकीलसुद्धा हसतील. तरीही मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांचे ‘एस. सुषमा विरुद्ध पोलीस आयुक्त’ या प्रकरणातले २०२१चे आदेश तसेच, चवीनं वाचावेत. क्विअर माणसाला आहे तसं मान्य करून केलेलं समुपदेशन कसं चालतं, हे त्यात दिसतं. आणि तेही जिथे शोधायला कुणी जाणार नाही अशा जागी.

प्रकरण थोडक्यात असं. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींच्या प्रेमात पडतात, घर सोडून चेन्नईला येतात. पालक ‘मुलगी हरवली’ अशी तक्रार देतात, पोलीस चौकशीला लागतात, मुली न्यायालयाकडे संरक्षण मागतात. एरवी अशा वेळी समुपदेशकाकडे धाडतात ते मुलींना, ‘समजूत घालायला’. इथे मुलींबरोबर पालकही जातात. आणि २८ एप्रिलच्या आदेशात न्यायमूर्ती त्याच मानसतज्ज्ञांकडे, विद्या दिनकरन यांच्याकडे, स्वतःसाठी सत्र मागतात. कारणही लिहून ठेवतात: या प्रकरणात शब्द डोक्यापेक्षा हृदयातून यायला हवेत, आणि त्यासाठी आपली समज अजून पुरेशी नाही. न्यायालयात सगळ्यांना वेळ देतात ते न्यायमूर्ती. इथे तेच वेळ मागताना दिसतात.

आता याच आदेशात दिलेल्या मानसतज्ज्ञांच्या अहवालाजवळ जरा थांबा. मुलींच्या मनात नात्याबद्दल गोंधळ नाही. आईवडिलांवर माया आहे. भीती आहे ती जबरदस्तीनं वेगळं केलं जाण्याची. आणि पालकांना उमज पडेपर्यंत कितीही वर्षं थांबायची तयारी आहे. दुखणं कुठे ठेवलंय पाहा! प्रेमात नाही, ताटातुटीच्या धास्तीत. संशोधक इलन मेयर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलेला ‘अल्पसंख्याकांवरचा ताण’ तो हाच. अहवालात त्याचा शास्त्रीय थाट नाही, नुसती नेमकी नजर आहे. पालकांचं म्हणणंही तसंच न चिडता टिपलेलं. मुलीनं बाईबरोबर संसार करण्यापेक्षा ब्रह्मचर्य पाळावं, त्यात जास्त अब्रू आहे, असं त्यांना वाटतं. हे वाचताना आपला राग उसळतो, अहवालाचा आवाज मात्र चढत नाही. (घरातलं इतकं सगळं जाहीर आदेशात यावं का, ही शंका मला राहतेच.) तरी हा संयम मुरलेल्या हाताचा आहे.

७ जूनचा आदेश प्रथमपुरुषाकडे वळतो. आपणही या विषयात बहुसंख्यांसारखेच अनभिज्ञ होतो, हे न्यायमूर्ती कबूल करतात आणि लगेच बजावतात की अज्ञान ही भेदभावाची सबब होऊ शकत नाही. वाट दाखवणाऱ्यांना ते ‘गुरू’ म्हणतात. दाद मागायला आलेली माणसं गुरू, आणि दाद देणारा शिष्य!  हा शब्द इथे अलंकार वाटत नाही, कारण त्यामागे खरोखर घेतलेली सत्रं आहेत.

कायद्याचा भाग भरभर वाचला तरी चालेल, एक जागा सोडून. समलिंगी वा ट्रान्स व्यक्तींना ‘बरं करण्याच्या’ प्रयत्नांवर बंदी येते, तसं करणाऱ्या व्यावसायिकांवर परवाना रद्द करण्यापर्यंत कारवाई सांगितली जाते. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अशा ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण सोडू नये ती जागा म्हणजे प्रशिक्षण कुणाला द्यायचं त्याची यादी: पोलीस, तुरुंग अधिकारी, न्यायाधीश, डॉक्टर, शिक्षक, पालक. औषध लिहून दिलंय ते यांना. इतकं अचूक निदान मी भल्याभल्या मानसशास्त्रीय ग्रंथांत पाहिलेलं नाही.

दोन्ही आदेश इंग्रजीत आहेत आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आधी २८ एप्रिलचा वाचा, मग ७ जूनचा. समुपदेशन शिकवणाऱ्यांनी तर ते पहिल्याच तासाला वर्गात वाचून घ्यावेत.