स्पॅनिशचा अभ्यास आणि एका धर्मगुरूची कथा

पदवीसाठी स्पॅनिश घ्यावी काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबांनाही आता परका नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय व दुय्यम विषय अशी मांडणी आपल्याकडे आणली. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे तर स्पॅनिशची पदवी त्यापूर्वीपासूनच घेता येते. या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा, सुमारे २० देशांची राजभाषा, तेव्हा नोकरीस उपयुक्त. हे खोटे नव्हे. परंतु एखादी भाषा अभ्यासणे म्हणजे काय, ते या हिशेबातून उमगत नाही. ते एखाद्या पुस्तकाच्या आधारे पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी मिगेल दे उनामुनो यांची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ ही छोटेखानी कादंबरी आम्ही निवडली आहे. स्पॅनिशच्या अभ्यासक्रमांतून ती वारंवार नेमली जाते. आणि श्रद्धावंत घरातील विद्यार्थ्याला ती अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

उनामुनो (१८६४-१९३६) हे सालामांका विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक आणि पुढे त्या विद्यापीठाचे प्रमुख होते. १९३० साली सानाब्रियाचे सरोवर पाहून आल्यावर त्यांनी ही कथा लिहिली. १९३१ साली ती प्रसिद्ध झाली. डॉन मानुएल हे सरोवराकाठच्या एका खेड्याचे धर्मगुरू. ते गरिबांसाठी लाकडे फोडतात, मरणाऱ्याच्या उशाशी बसतात, तरुणांना नाचता यावे म्हणून ढोलही वाजवतात. गाव त्यांना जिवंतपणीच संत मानते. मात्र त्यांच्या अंतरी एक गुपित आहे : मरणोत्तर जीवनावर त्यांची श्रद्धा बसत नाही. अमेरिकेहून परतलेल्या, धर्माविषयी उदासीन अशा लासारोपाशी ते हे गुपित उघड करतात. लासारोची बहीण आन्हेला ही सारी हकीकत लिहून ठेवते. तीही अशा वेळी, जेव्हा बिशप डॉन मानुएल यांना धन्यवादित घोषित करण्याच्या खटपटीत आहेत.

कादंबरीचा गाभा आहे तो मंदिरातील एका प्रसंगात. सारे गाव एका सुरात विश्वासांगीकार म्हणत असते. पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांचा उच्चार येताच धर्मगुरूंचा आवाज लोकांच्या आवाजात बुडून जातो. ते गप्प झालेले असतात. हा प्रसंग कोणत्याही भाषांतरातून कळेल. परंतु स्पॅनिश शिकलेल्या वाचकाला तेथे आणखी काही ऐकू येते. स्पॅनिश विश्वासांगीकाराचा पहिला शब्द ‘क्रेओ’, म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतो’. ‘निर्माण करणे’ या अर्थाच्या धातूचे प्रथमपुरुषी रूपही नेमके ‘क्रेओ’ असेच होते. आपल्या निबंधांतूनही उनामुनो यांनी या दोन धातूंची सांगड घातली आहे. जो धर्मगुरू एका अर्थाने ‘क्रेओ’ म्हणू शकत नाही, तो दुसऱ्या अर्थाने आयुष्यभर तेच करीत असतो : तो गावाची श्रद्धा घडवीत असतो. मराठीत या दोन क्रिया दोन शब्दांत विभागल्या जातात आणि ही गाठ सुटून जाते. नावांचेही तसेच. मानुएल म्हणजे इम्मानुएल, आपल्यासंगे देव. ‘बुएनो’ म्हणजे भला. आणि लासारो म्हणजे शुभवर्तमानातील लाझरस. हा लासारो धर्माकडे वळतो खरा, पण श्रद्धेने नव्हे, डॉन मानुएलवरील प्रेमापोटी.

शीर्षकातील अखेरच्या शब्दापाशी मात्र आमचा लेखकाशी वाद आहे. ‘मार्तिर’ म्हणजे रक्तसाक्षी. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, जपानात स्पॅनिश धर्मबंधूंचे दुभाषी झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले. त्यांनी साक्ष दिली ती आपल्या श्रद्धेची. डॉन मानुएल साक्ष देतात ती इतरांच्या श्रद्धेची, आणि तिची किंमत एकटेपणाने मोजतात. त्यांचे दुःख खरे आहे, त्यांची सेवाही खरी आहे. पण लोकांची श्रद्धा हे एक सुखाचे स्वप्न असून ते मोडू नये, ही त्यांची धारणा आम्हांस मान्य होत नाही. या कादंबरीतील गाव प्रार्थना करते, पण प्रश्न विचारीत नाही. आपल्या धर्मग्रामांतील ज्या माउलीने तरुण मुलगा पुरला आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा मिस्सेला आली, तिची श्रद्धा निजलेली नव्हती. लेखकाने अशा एका तरी ग्रामस्थाला वाचा दिली असती, तर धर्मगुरूंचे मौन अधिक भेदक झाले असते.

अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय? उनामुनो यांची दोन वैचारिक पुस्तके १९५७ साली ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली होती. ही कादंबरी त्यांत नव्हती, आणि १९६६ साली ती सूचीच बंधनकारक राहिली नाही. निवड वाचकाच्या विवेकावर आली. विवेकाला तयारी लागते, आणि ती तयारी म्हणजेच भाषेचा अभ्यास. जो ‘क्रेओ’ या शब्दापाशी थांबू शकतो, तो लेखकाच्या दुःखाने हेलावेल, पण त्याच्या निष्कर्षाने वाहवत जाणार नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती एवढीच, की स्पॅनिश मुख्य विषय आहे की दुय्यम, याआधी अभ्यासक्रमात पुस्तके कोणती आहेत ते पाहावे. संभाषण आणि व्यापारी पत्रव्यवहार येथेच जो अभ्यासक्रम संपतो, तो विद्यार्थ्याला बोलते करील. परंतु जिच्यात टेरेसा आणि योहान यांसारख्या संतांनी आपली प्रार्थना लिहिली आणि उनामुनो यांनी आपली शंका, त्या भाषेच्या उंबरठ्यावरूनच त्याला माघारी पाठवील.