झिणझिण्यांनी दुखणे जाते काय?

वर्षानुवर्षे पाय दुखतो, तर ‘टेन्स’ यंत्र घ्यावे का, असे रत्नागिरीतील शिक्षकमित्र आम्हांला विचारतात. कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज सोडणारे हे यंत्र. कल्पना जुनी आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस दुखऱ्या पायाखाली जिवंत विद्युत्-मासा ठेवायला सांगे. असे मासे आपल्या अरबी समुद्रातही आहेत. शास्त्रीय बैठक दिली ती मेल्झॅक व वॉल यांनी, १९६५ मध्ये. स्पर्शाच्या जाड चेतातंतूंचे संदेश मज्जारज्जूतील वेदनेचे ‘फाटक’ काहीसे लोटून घेतात. ठेच लागली की आपण बोट चोळतो, ते आठवावे.

उपमा छान आहे, आणि आमची तक्रार तिथेच आहे. जाहिरातीत ती पुराव्याच्या जागी येऊन बसते. उपाय कसा चालत असेल हे सांगणे वेगळे, तो चालतो हे दाखवणे वेगळे. दाखवायचे तर तुलनेला खोटे यंत्र हवे. पण खऱ्याने झिणझिण्या येतात, खोट्याने येत नाहीत, त्यामुळे रुग्णाला गुपित कळतेच. साखरेच्या गोळीला ही अडचण नसते. २०१९ साली कॉक्रेन संस्थेने आधीचे आढावे एकत्र तपासले. टेन्स उपयोगी की निरुपयोगी हे ठरवण्याइतका भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. वॉल व स्वीट यांच्या पहिल्या प्रयोगांना तेव्हा बावन्न वर्षे झाली होती!

पेसमेकर असणाऱ्याने हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याविना लावू नये. चालताना पोटरी दुखते आणि थांबले की राहते, अशांची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. त्यांनी यंत्राआधी पावलाची नाडी तपासून घ्यावी.