मुक्काम कुणाच्या घरी होता?

मागच्या लेखात नमुना निवडीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, मी गावात एका कुटुंबाकडेच राहणार आहे. त्यांच्याबरोबर जेवणार, त्यांच्यातच झोपणार. मग खरी संस्कृती आपोआप कळेल ना? नमुन्याची एवढी काळजी कशाला?"

प्रश्न चांगला आहे आणि तो तिच्या एकटीचा नाही. "हॉटेलात नको, स्थानिक कुटुंबात राहा, अस्सल जीवन अनुभवा" हे आता प्रत्येक सहलीच्या जाहिरातीत असतं. तीच भाषा हळूच आपल्या संशोधन प्रस्तावातही शिरते. "संशोधक गावात कुटुंबासमवेत वास्तव्य करेल" असं एक वाक्य लिहिलं की पद्धतीचा प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. माझं म्हणणं असं की प्रश्न सुटत नाही, तिथून सुरू होतो.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते. आमचं गाव श्रीरामपूरपासून बसने अर्ध्या तासावर. उसाचा पट्टा, प्रवरेचा कालवा. आमच्याकडे 'कृषिदूत' येतात हे तुमच्यातल्या कृषीच्या मुलांना माहीत असेलच. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला 'रावे' असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. १९९२ च्या रंधावा समितीच्या शिफारशीनंतर हा कार्यक्रम देशभरातल्या कृषी शिक्षणात रुजला. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आम्हाला जवळच, त्यामुळे या भागात तो सवयीचा झालाय. विद्यार्थ्याला एक यजमान शेतकरी नेमून देतात. त्याच्या शेतावर जायचं, घर समजून घ्यायचं, अहवाल लिहायचा.

मी बारावीला असताना आमचं घर असं यजमान झालं होतं. मुलं येणार म्हणून आईने ठेवणीतल्या चादरी काढल्या. त्या दिवसांत रोज दोन भाज्या झाल्या. कर्जाचा आणि चुलत्यांशी चाललेल्या पाण्याच्या पाळीचा विषय जेवताना काढायचा नाही, असं वडिलांनी आम्हाला बजावलं. शेवटी अहवालाची एक प्रत घरी आली. त्यात लिहिलं होतं की कुटुंब ठिबक सिंचन वापरतं, आहार समतोल आहे आणि भाऊबंदकीचे वाद नाहीत. ठिबकच्या नळ्या गोठ्यामागे गुंडाळून पडल्या होत्या. वडिलांनी त्या दाखवल्या होत्या, एवढं खरं!

आमच्यापैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. मुलंही प्रामाणिक होती, कष्टाळू होती. आम्ही त्यांना पाहुण्याला दाखवतात ते घर दाखवलं आणि त्यांनी ते घर म्हणून लिहून घेतलं.

पुढे वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी रानभाज्यांवर पीएच.डी. घेतली आणि माझ्यावर उलट बाजूला बसायची वेळ आली. माझं क्षेत्र अकोले तालुक्याचा पश्चिम भाग. आपल्याच जिल्ह्यात, पण सगळंच वेगळं. तिथे पडणारा पाऊस भंडारदऱ्यात साठतो आणि कालव्याने आमच्या उसापर्यंत येतो. आम्ही पाणी पितो, पण ते ज्या डोंगरातून येतं तिथली माणसं काय खातात ते आम्हाला ठाऊक नसतं. ते समजून घ्यायला मी जूनच्या शेवटी एका महादेव कोळी कुटुंबाकडे राहायला गेले. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. का, ते शेवटी सांगते.)

पहिल्या मुक्कामात आठ दिवसांत माझ्या ताटात एकदाही रानभाजी आली नाही. बटाटा, मटकी, एकदा कोंबडी, रोज तांदळाचा भात. बाहेर बांधावर टाकळा, कुर्डू, फोडशी तरारून आलेली. मी वहीत लिहिलं, "रानभाज्यांचा वापर जवळपास संपला आहे. बाजाराच्या भाजीने जागा घेतली." मार्गदर्शकांनाही तसंच कळवलं. निष्कर्ष छान होता, चालू काळाला शोभणारा होता आणि चुकीचा होता.

हे लक्षात आलं दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या मुक्कामाला. मी न कळवता एक दिवस आधी पोचले. चुलीवर फोडशी शिजत होती. घरातल्या मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, "तुम्ही पाव्हण्या, तुमाला हा पाला कसा घालायचा?" मग त्या संध्याकाळी बोलत बसल्या. पेरणीच्या दिवसांत घरातलं सरत आलेलं असतं, तेव्हा याच भाज्यांवर निभावतं. म्हणून ती अडचणीची भाजी. अडचण पाहुण्यासमोर मांडत नाहीत. वापर संपला नव्हता, माझ्यासमोर थांबला होता. माझ्या आठ दिवसांच्या नोंदी त्या घराच्या आहाराबद्दल काहीच सांगत नव्हत्या. शहाण्या बाईने पाहुणीला काय वाढावं, याबद्दल मात्र त्या अगदी अचूक होत्या.

आता याच तालुक्यातलं दुसरं टोक बघा. पुरुषवाडी हे गाव तुम्ही ऐकलं असेल. मे-जूनमध्ये काजवे बघायला मुंबई-पुण्याची माणसं तिथे जातात. ग्रामीण पर्यटनाचा प्रयोग तिथे बरीच वर्षं चालू आहे. पाहुणे गावात राहतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात, शेतावर फिरतात. गावाला त्यातून रोख उत्पन्न मिळतं आणि मला त्यात नाक मुरडण्यासारखं काही दिसत नाही. पण संशोधक म्हणून विचार करा. पर्यटनाच्या घरात पाहुणा नेमकं तेच मागतो जे माझ्यापासून लपवलं गेलं होतं. चुलीवरची भाकरी, नाचणी, रानभाजी. यजमान ते देणारच, कारण त्याचेच पैसे मिळतात. म्हणजे तिथे आठ दिवस राहून तुम्ही लिहाल, "रानभाज्यांचा वापर अजून भरपूर आहे."

एकाच तालुक्यात, एकाच मोसमात, दोन मुक्काम आणि दोन उलटे निष्कर्ष. दोन्ही "कुटुंबात राहून" काढलेले.

अकरावीच्या प्रयोगशाळेतली व्हर्नियर कॅलिपर आठवा. जबडे मिटले तरी शून्यावर शून्य येत नसेल, तर ती शून्य त्रुटी. ती धन असते किंवा ऋण असते. म्हणून आपण उपकरण फेकून देत नाही. त्रुटी किती आणि कोणत्या दिशेची, ते आधी लिहितो आणि मापातून वजा करतो. यजमानाचं घर हेही तुमचं मापनाचं उपकरण आहे. माझ्या मुक्कामाची त्रुटी एका दिशेची, पर्यटकाची दुसऱ्या दिशेची. इथे ती आकड्यात वजा करता येत नाही, हे मान्य. पण दिशा लिहिता येते. आपण तेवढंही लिहीत नाही, ही माझी तक्रार आहे.

समाजशास्त्रात हे जुनं आहे, आपल्या विज्ञानवाल्यांना शिकवत नाहीत इतकंच. अर्व्हिंग गॉफमनने माणसाच्या वागण्याचे दोन भाग कल्पिले, रंगमंचावरचा आणि पडद्यामागचा. डीन मॅककॅनेलने १९७३ साली ते पर्यटनाला लावलं. त्याचं म्हणणं असं की पर्यटकाला पडद्यामागचं बघायची ओढ असते, म्हणून त्याच्यासाठी पडद्यामागचा देखावाही मांडून ठेवला जातो. तुम्हाला स्वयंपाकघरात बसवलं म्हणजे तुम्ही आत पोचलात असं नाही. ते स्वयंपाकघरही तुमच्यासाठी सारवलेलं असू शकतं.

पण मॅककॅनेलचा चष्मा पर्यटकापुरता ठेवून आपण सुटायचं नाही. एम. एन. श्रीनिवास यांचं 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' घ्या. भारतीय गावावरचं हे गाजलेलं पुस्तक १९७६ साली आलं. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. गावाला त्यांनी 'रामपुरा' हे नाव दिलं. १९७० मध्ये स्टॅनफर्डला जाळपोळीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या नोंदी जळाल्या आणि पुस्तक बरंचसं आठवणींवर लिहावं लागलं. सगळे ही जळिताची गोष्ट सांगतात. मला त्याआधीची एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या जागेत होता, जिथे त्याचे बैल बांधत. पाटील जमीनदार, वरच्या जातीतला, आणि श्रीनिवास स्वतः ब्राह्मण. त्या ओट्यावर कोण येऊन बसेल आणि कोण लांबूनच बोलेल, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे श्रीनिवासांनी स्वतः मान्य केलं. हा त्यांचा मोठेपणा. मान्य केल्याने दलित वस्तीची बाजू पुस्तकात येत नाही, ही त्याची मर्यादा.

मराठीत याहून जवळचं उदाहरण इरावती कर्वे यांचं. पंढरीच्या वारीबरोबर चालल्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. सगळे एकाच दिंडीत, एकच नाम घेत चालणारे. पण मुक्कामाला ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा, मराठ्यांचा वेगळा. बाईंनी हे नोंदवलं आणि आपल्याला ते बोचलं, हेही लिहिलं. दिवसभराच्या चालण्यावरून लिहिलं असतं तर वारी हा एकजीव समूह ठरला असता. पंगत पाहिली म्हणून भेग दिसली. आपण कुणात जेवलो हा प्रश्न त्यांनी लेखाच्या आत ठेवला, पाठीमागे लपवला नाही. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात मला एवढंच हवंय.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत नसते आणि प्रबंधातही नसते. तुम्हाला ठेवून घेणारं घर कोणतं असतं? ज्याच्याकडे एक जादा खोली आहे, संडास आहे, पाहुण्याचं चार दिवस झेपेल एवढं धान्य आहे. सरकारच्या निवास-न्याहारी योजनांतही खोल्या आणि स्वच्छतागृह तपासूनच मान्यता मिळते, ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की गावातलं सगळ्यात गरीब घर तुमचं यजमान कधीच होणार नाही. तुम्ही सरपंचाला विचारलंत तर तो स्वतःच्या गटातलं घर सुचवेल. मागच्या लेखातली सोयीची नमुना निवड ती हीच. "कुटुंबात राहिले" म्हणून ती बदलत नाही.

आणि त्या घरात तुमचं काम कुणाच्या अंगावर पडतं? माझ्या अंघोळीचं पाणी मावशी लांबून आणत होत्या, हे मला चौथ्या दिवशी कळलं. जिची मुलाखत मला हवी होती, तिचा वेळ मीच खात होते. "बायका फारशा बोलत नाहीत" असं माझ्या वहीत आहे. बोलतील कधी?

मग राहायचंच नाही का? राहायचं. फोडशी मला प्रश्नावलीने सापडली नसती. ती सापडली कारण मी पुन्हा पुन्हा गेले आणि तिसऱ्या खेपेला त्या घराने माझ्यासाठी वेगळं रांधणं सोडून दिलं. आता मी गेले की मावशी माझ्या हातात विळा देतात आणि कोणती पानं खुडायची नाहीत यावरून रागावतात. तरीही मी "अस्सल" हा शब्द प्रबंधातून काढून टाकलाय. मावशींनी पाहुणीला वाढलेला बटाटाही अस्सलच होता. मी तो चुकीच्या रकान्यात लिहिला होता.

तुमच्या प्रस्तावात या पाच गोष्टी लिहा. अर्धं पान पुरतं.

१. यजमान घर कसं मिळालं, कुणी सुचवलं, आणि त्या माणसाचं गावातलं स्थान काय.

२. त्या घराची जात, जमीन आणि घरात कमावती माणसं किती. आणि तुमच्या मुक्कामामुळे गावातली कोणती घरं तुमच्याशी बोलायची बंद झाली.

३. तुमच्यासाठी काय बदललं. ताट, झोपायची जागा, बोलण्याचे विषय. रोज रात्री दोन ओळी.

४. तुमचा खर्च कुणी उचलला. पैसे घेत नसतील तर किराणा न्या, पण ते आधी बोलून घ्या, निघताना खिशात कोंबू नका. पाणी स्वतः आणा.

५. किती वेळा गेलात आणि कोणत्या खेपेची नोंद आहे. पहिल्या मुक्कामाच्या नोंदींना वेगळी खूण करा.

गावाचं नाव मी का दिलं नाही, ते आता सांगते. मावशींनी अडचणीच्या दिवसांबद्दल जे सांगितलं ते पाहुणीला सांगितलं नव्हतं, घरच्यासारखं सांगितलं होतं. ते छापायचं की नाही, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाजीचं लिव्ह, घराचं नको." आचारसंहिता समितीच्या अर्जावर मी बऱ्याच सह्या केल्या आहेत, पण संमती म्हणजे काय ते मला त्या वाक्याने शिकवलं.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "ती पोरं अजून दोन महिने राहिली असती, तर त्यांनीच आमच्या पाण्याच्या पाळीचं भांडण सोडवलं असतं."

ठिबकच्या नळ्या अजून गोठ्यामागे आहेत.