सहा कावळे आणि सातबारा

मागच्या दोन लेखांत आपण संत्र्याच्या डिंक्या रोगाबद्दल बोललो आणि या वेळी बोर्डो मलमावर लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी, नक्की. मधल्या काळात झालं असं, की लॅबमधल्या एका ज्युनिअरनं हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ठेवली. म्हणाली, "ताई, ऑटोक्लेव्ह थंड होईपर्यंत वाचा." ऑटोक्लेव्ह तासाभरात थंड झाला. मी रात्री अडीच वाजता होस्टेलच्या जिन्यात बसलेली होते, कारण खोलीतला लाइट रूममेटनं बंद केला होता. पुढच्याच शनिवारी दुसरा भाग घेतला. तो नागपूर ते काटोल लाल डब्ब्यात, उभ्यानं वाचायला सुरुवात केली.

कादंबरी म्हणजे ली बार्डुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) आणि तिचा पुढचा भाग 'क्रुकेड किंगडम' (२०१६). दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे. यंग अडल्ट फँटसी, म्हणजे दुकानात किशोरवयीनांच्या कपाटात ठेवतात ती. आधीच सांगून ठेवते, पुढे बरंच काही फुटणार आहे. ज्यांना कोरं करकरीत वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबा आणि वाचून परत या.

केटरडॅम नावाचं बंदराचं शहर आहे, सतराव्या शतकातल्या अॅमस्टरडॅमवर बेतलेलं. इथं देव आहे तो व्यापाराचा. काझ ब्रेकर हा सतरा वर्षांचा, एका पायानं लंगडणारा, कायम हातमोजे घालणारा पोरगा तिथल्या एका टोळीत वर आलाय. व्हॅन एक नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी त्याला काम देतो: उत्तरेकडच्या बर्फाच्या किल्ल्यातून एका शास्त्रज्ञाला पळवून आणायचं. किंमत तीन कोटी क्रूगे. काझ पाच जण गोळा करतो. भिंतीवर पालीसारखी चढणारी इनेज, बंदूकबाज आणि जुगारी जेस्पर, माणसाच्या काळजाचे ठोके हातानं थांबवू शकणारी नीना, तिच्यावर प्रेम आणि राग दोन्ही करणारा सैनिक मथायस, आणि व्यापाऱ्याचाच मुलगा वायलन, ज्याला स्फोटकं करता येतात पण वाचता येत नाही.

हे वाचताना मला आधी आठवलं ते आपलं चौथीचं इतिहासाचं पुस्तक. १६६६, आग्रा. मिठाईचे पेटारे, पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेले हिरोजी फर्जंद. आपल्या प्रत्येक पोराला दरोड्याच्या गोष्टीचं व्याकरण चौथीतच कळलेलं असतं: पहारेकऱ्यांची सवय बघायची, तिचा फायदा घ्यायचा, आणि एक माणूस मागं ठेवायचा. फक्त आपली गोष्ट आपल्याला शेवटासकट माहीत असते, तिची मजा 'कसं' मध्ये असते. बार्डुगो उलटं करतात. त्या योजना सांगतात, पण अर्धी. वाचकाला जी योजना आधी सविस्तर कळते ती हमखास फसते, आणि जी कळत नाही ती यशस्वी होते. एकदा हा नियम लक्षात आला की थोडी गंमत जाते खरी. दुसऱ्या भागात तर मी "आता हा काहीतरी लपवतोय" असं पानापानाला म्हणत होते. पण पहिल्या भागात त्या हे इतक्या वेगानं करतात की शंका घ्यायला फुरसत मिळत नाही.

बहुतेक प्रकरणं टोळीतल्या कुणाच्या तरी नजरेतून येतात. पहिल्या भागात सहापैकी पाच जणांना प्रकरणं आहेत, वायलनला एकही नाही. कथानकासाठी ते सोयीचंच आहे, त्याच्याबद्दलची एक गोष्ट शेवटपर्यंत झाकून ठेवायची असते. पण मला त्यात दुसरंही दिसलं. ज्या पोराला अक्षरं लागत नाहीत म्हणून बापानं हिशेबातून वजा केलंय, त्याला पुस्तकातही पान मिळत नाही. दुसऱ्या भागात मिळतं.

इथं माझ्या विषयाचं थोडं बोलू द्या, नाहीतर गाईड म्हणतील ही आता पुस्तकंच वाचत बसते. डिंक्या ज्यामुळे होतो ती फायटोफ्थोरा ही खऱ्या अर्थानं बुरशीसुद्धा नाही, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे. तिचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत येतात. पण झाडाला स्वतःची पहारा-व्यवस्था असते. तिला फसवायला फायटोफ्थोरा 'इफेक्टर' नावाची प्रथिनं झाडाच्या पेशीत सोडते. एक प्रथिन घंटा वाजवणाऱ्याचे हात धरतं, दुसरं पहिल्याला झाकतं, तिसरं भिंत मऊ करतं. बटाट्याच्या फायटोफ्थोराचा जीनोम २००९ मध्ये वाचला गेला तेव्हा यातल्या एकाच प्रकारच्या इफेक्टरची पाचशेहून अधिक जनुकं सापडली. पाचशे जणांची टोळी! मी पाच वर्षं आपल्या संत्र्यातल्या अशाच दोन-तीन चोरांच्या मागं आहे. त्यामुळे किल्ल्यात शिरणाऱ्या सहा पोरांच्या बाजूनं उभं राहायला मला सुरुवातीला जड गेलं. माझी सवय पहारेकऱ्याच्या बाजूनं बसायची आहे.

आता त्या शास्त्रज्ञाकडे येऊ. त्यानं 'जुर्दा' नावाच्या वनस्पतीपासून एक द्रव्य काढलंय. जुर्दा स्वतः साधी आहे. तिची फुलं चघळली की झोप येत नाही आणि दात केशरी होतात, काझनं पाळत ठेवताना चघळलेली आहेत. काटोलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नाव जर्द्यासारखं, काम खर्र्यासारखं, रंग मात्र संत्र्याचा. त्यावर प्रक्रिया करून झालेलं 'पारेम' जादूगारांना दिलं की त्यांची ताकद अफाट वाढते, आणि एकाच मात्रेत व्यसन लागतं. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून माझं भांडण इथं आहे. या जगातली जादू बरीच शिस्तीची आहे. तिला तिथं 'छोटं विज्ञान' म्हणतात, काहीही शून्यातून निर्माण करता येत नाही, असलेल्या पदार्थालाच हाताळता येतं. इतकी शिस्त पाळल्यावर पारेमचं सगळं मात्र गोष्टीच्या सोयीनं चालतं. मात्रा किती, कुणावर किती परिणाम, काही पत्ता नाही. रिव्ह्यूअर म्हणून पेपर माझ्याकडे आला असता तर 'मेजर रिव्हिजन' दिलं असतं.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळं आहे. या पुस्तकाबद्दल जो तो बर्फाच्या किल्ल्याचं बोलतो. किल्ला छान आहे. इनेज भट्टीच्या धुराड्यातून वर चढते आणि तिच्या बुटांचे तळ वितळायला लागतात, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. पण किल्ला हा या पुस्तकाचा दर्शनी भाग आहे. त्याचा कणा बाजार आहे, आणि तो दुसऱ्या भागात दिसतो. व्हॅन एकनं पारेमची बातमी फुटायच्या आधीच गुपचूप जुर्द्याची शेतं विकत घ्यायला सुरुवात केलेली असते. बातमी फुटली की भाव चढेल, आणि माल सगळा त्याच्या हातात. काझही मग किल्ले सोडून तिकडेच वळतो. गोदामातली साखर रसायनानं नासवायची, जुर्दा उत्पादकांचा एक खोटा संघ उभा करून व्यापाऱ्यांच्या हावरटपणाला गळ टाकायचा, असे त्याचे नवे दरोडे. वाचक म्हणतात दुसरा भाग पसरट झालाय. मला तोच जास्त आवडला. बंदुका आणि जादू बाजूला ठेवल्या तर तिथं बाजार समितीत घडतं तेच घडतंय.

आणि टोळीतला प्रत्येक जण कुणाच्या तरी वहीत आहे. केटरडॅममध्ये गुलामगिरीला कायद्यानं बंदी आहे, पण करार चालतो, म्हणून इनेज कुंटणखान्यातून सुटते ती दुसऱ्याच्या करारावर. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, उचल घेतलेली असते, ती फिटत नाही म्हणून पुढचं साल. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. पण कायद्यानं मना आणि वहीत चालू, ही जागा ओळखीची वाटली. काझ स्वतः शेतकऱ्याचा पोरगा. बाप नांगराच्या अपघातात गेला, दोघा भावांनी शेत विकलं, पैसा घेऊन शहरात आले, आणि एका गोड बोलणाऱ्या माणसानं गुंतवणुकीच्या नावाखाली तो सगळा काढून घेतला. नंतर साथीत मोठा भाऊ गेला. काझचे हातमोजे त्या साथीतून आलेत. कसे, ते पुस्तकातच वाचा, मला ते इथं लिहवत नाही.

पण मला अडवलं ते जेस्परनं. जेस्परचा बाप कॉल्म हा जुर्द्याचा शेतकरी. पोराला विद्यापीठात शिकवायला त्यानं शेतावर कर्ज काढलंय. पोरगा कधीचाच वर्ग सोडून जुगारात गेलाय आणि बापाला सांगत राहतो, सगळं ठीक चाललंय, पदवी जवळ आलीय. बँक कर्ज परत मागायला लागते तेव्हा हा भला माणूस समुद्र ओलांडून थेट विद्यापीठाच्या दारात येऊन उभा राहतो. मग गोळीबार, पळापळ, आणि त्यानंतर पोराला तोंड उघडावंच लागतं.

बस कळमेश्वरच्या पुढं होती. मी पुस्तक बंद केलं.

मी जुगार खेळत नाही, तेवढं बरं आहे. पण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझी फी भरायला बाबांनी आंबिया बहाराची बाग फळं लिंबाएवढी असतानाच एका व्यापाऱ्याला विसार घेऊन देऊन टाकली होती. त्या वर्षी दिवाळीपर्यंत भाव चढला, आणि तो चढला व्यापाऱ्यासाठी. हे मला आईकडून कळलं, तीन वर्षांनी. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होताच. आता माझं पीएच.डी.चं पाचवं वर्ष आहे, फेलोशिप मार्चमध्ये संपते, आणि ज्या प्रयोगावर शेवटचं प्रकरण उभं राहायचं तो सलग तिसऱ्यांदा फसलाय. दर रविवारी बाबा फोनवर विचारतात, "झालं का वं तुयं पुस्तक?" थिसिसला ते पुस्तक म्हणतात. आणि मी म्हणते, होत आलं बाबा.

बार्डुगो यांनी कॉल्मला मूर्ख दाखवलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अशा गोष्टींत गावाकडचा बाप एकतर विनोदाला असतो नाहीतर रडवायला. कॉल्मला राग येतो, लाज वाटते, आणि तरी तो पोराच्या कामी येतो. काझ त्याला भारी कपडे चढवून महागड्या हॉटेलात श्रीमंत शेतमालक म्हणून बसवतो, त्या खोट्या संघाचा चेहरा म्हणून. टोपणनाव देतो 'रीटव्हेल्ड'. ते काझचं स्वतःचं जन्माचं आडनाव आहे, त्या विकलेल्या शेतावरचं. बार्डुगो यावर फारसं भाष्य करत नाहीत, पुढं निघून जातात. मी मात्र त्या ओळीशी बराच वेळ थांबले. फसवल्या गेलेल्या शेतकऱ्याचं नाव घेऊन दुसरा शेतकरी व्यापाऱ्यांना फसवायला बसलाय. दोन्ही भागांत मिळून इतकी चलाख चोरी दुसरी नाही.

दोष आहेत. ही पोरं सोळा ते अठरा वर्षांची आहेत हे लेखिका सांगतात म्हणून मानायचं, बोलतात तिशीतल्यासारखी. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि मला काझच्या निम्म्यानंसुद्धा नियोजन जमत नाही. पहिली साठ-सत्तर पानं नावांचा नुसता भडिमार आहे. याच जगातल्या आधीच्या तीन कादंबऱ्या न वाचता थेट इथं आलं तर ग्रिशा, कॉर्पोराल्की, द्रुस्केल यांत गुदमरायला होतं. धीर धरा, पुढं सुटतं. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटाजवळ एक मृत्यू आहे, तो मला अजून पटलेला नाही. गोष्टीला कुणाचा तरी बळी हवा होता म्हणून दिल्यासारखा वाटला. ज्युनिअरशी यावरून भांडण झालं. तिचं म्हणणं, मरण असंच येतं, कारण नसताना. असेल. पण बाकी सगळीकडे दोन पावलं पुढचा विचार करणाऱ्या पुस्तकात ते खटकतं.

आपल्याकडे लहानपणी मी फास्टर फेणेवर वाढले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या अजूनही मला काझपेक्षा जास्त आवडतो. पण बन्या कुणाचं देणं लागत नाही. तो संकटात सापडतो, 'ट्टॉक' करतो, चोर पकडून देतो आणि घरी जातो. चोरांच्या घरी काय होतं ते आपल्या किशोर साहित्यात मला फारसं भेटलं नाही, आणि कर्ज तर त्याहून कमी. विदर्भातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना सातबारा, बोजा, विसार हे शब्द पाठ असतात. त्यांच्यासाठी अशी एखादी गोष्ट कुणी लिहिली, जादू असलेली, दरोडा असलेली आणि बाजाराचा भाव कळणारी, तर मी पहिली प्रत घेईन.

दुसरा भाग मी संपवला तो घरी, बागेत, खाटेवर. बाबा ओलिताला पाणी फिरवत होते. त्यांनी विचारलं, एवढं काय वाचते? मी सांगितलं, एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट आहे, बाप शिकायला पैसे पाठवतो आणि पोरगा खोटं बोलतो. ते थोडा वेळ दांडातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग? बापाले समजते का?"

म्हटलं, समजते. आणि मग त्यांना फसलेल्या तिन्ही प्रयोगांचं सांगितलं, पहिल्यापासून. इफेक्टर म्हणजे काय तेही सांगावं लागलं.