परक्याची अरबी : एक हरकत

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. ते दर्शविणारी चिन्हे अक्षरांच्या वर वा खाली देता येतात. परंतु कुराण, मुलांची पुस्तके आणि काही प्रमाणात काव्य वगळले, तर छापील मजकुरात ती क्वचितच आढळतात. या चिन्हाचे अरबी नाव 'हरकत'. शब्दाचा मूळ अर्थ हालचाल. मराठीत तो आक्षेप या अर्थाने रुळला आहे, तर गाण्याच्या बैठकीत स्वरांच्या चपळ वळणासाठी वापरला जातो. परभाषा म्हणून अरबी शिकणाऱ्याचा प्रश्न या एका शब्दापाशी उभा करता येतो.

कागदावर क, त, ब ही तीन अक्षरे आहेत. ती 'कतब' वाचावीत तर अर्थ 'त्याने लिहिले'. 'कुतिब' वाचावीत तर 'लिहिले गेले'. 'कुतुब' वाचावीत तर 'पुस्तके'. यांपैकी काय उच्चारायचे हे वाक्याचा अर्थ लागल्यावाचून ठरत नाही. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हे वाचककेंद्री समीक्षेचे प्रतिपादन आपण बहुधा रूपकासारखे वापरतो. अरबीत ते अक्षरशः खरे आहे.

मात्र हा वाचक कोण? मातृभाषिकाला या जागा सहज भरता येतात आणि परका तेथे अडखळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. ज्या अरबीत वृत्तपत्रे निघतात, कादंबऱ्या लिहिल्या जातात, ती 'फुस्हा' आज कोणाचीही घरची बोली नाही. कैरोतील मूल घरी एक अरबी शिकते, कासाब्लांकातील मूल दुसरी. फुस्हा दोघांनाही प्रामुख्याने शाळेत शिकावी लागते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली 'डायग्लॉसिया' या संकल्पनेची मांडणी केली, तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत अरबी होती. नामाची विभक्ती दर्शविणारी अखेरची हरकत शहरी बोलींतून लोपली आहे. म्हणून शब्दाचा शेवटचा स्वर गाळावा, म्हणजे चूक होत नाही, असा सल्ला अरबी भाषक एकमेकांना थट्टेने देतात. थट्टेमागची धास्ती खरी आहे. स्वतःच्या लिखित भाषेसमोर तेही काही अंशी विद्यार्थीच असतात.

या भाषेचे व्याकरण ज्याच्या ग्रंथावर उभे आहे, तो सीबवैह स्वतः इराणी होता. आठव्या शतकात बसऱ्यात तो अल्-खलीलकडे शिकला. हरकतींची आजची पद्धती परंपरेने याच अल्-खलीलच्या नावे सांगितली जाते. सीबवैहच्या ग्रंथाला लोक नुसते 'अल्-किताब' म्हणू लागले. त्याच्या पराभवाची कथा प्रसिद्ध आहे. विंचवाचा दंश गांधीलमाशीच्या दंशाहून तीव्र वाटला होता, पण तो तर तसाच निघाला, अशा अर्थाच्या वाक्यात सर्वनामाचे रूप कोणते असावे, यावर बगदादला अल्-किसाईशी त्याचा वाद झाला. निवाड्यासाठी बदाऊनी अरबांची साक्ष काढण्यात आली आणि ती सीबवैहच्या विरुद्ध गेली. साक्षीदार फितवलेले होते, असेही परंपरा सांगते. कथा घडली तशीच असेल असे नाही; पण तिच्यातील पेच खरा आहे. नियम समजून घेणाऱ्या परक्याचा अधिकार मोठा, की जन्माने भाषा लाभलेल्याचा? दरबाराने एक उत्तर दिले. नंतरच्या व्याकरणपरंपरेने सीबवैहचा ग्रंथच प्रमाण मानला.

१९९५ साली अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकाचे नावही 'अल्-किताब' असेच आहे. त्याची नायिका महा न्यूयॉर्कला राहते. तिचे वडील संयुक्त राष्ट्रसंघात भाषांतरकार आहेत. त्यामुळे 'संयुक्त राष्ट्रसंघ' हा शब्द विद्यार्थ्याला अगदी आरंभीच भेटतो, आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. महा एकाकी आहे, आणि हा एकाकीपणा ती फुस्हात सांगते. ज्या भाषेत घरात कोणी कोणाजवळ मन मोकळे करीत नाही, त्या भाषेत. पुढील आवृत्त्यांत इजिप्ती आणि सीरियाई बोलींनाही स्थान मिळाले, ही त्या विसंगतीची कबुलीच म्हणावी लागेल. भाषांतरकाराची ही मुलगी दोन भाषांच्या मधोमध उभी आहे. शिकणाराही तेथेच उभा असतो. पुस्तकाने या साम्याचा उपयोग करून घ्यायला हवा होता.

माझी हरकत आहे ती परकेपणाला निव्वळ उणीव मानण्याला. प्रत्येक अक्षरावर चिन्हे देऊन शिकवणारे पुस्तक विद्यार्थ्याची चूक टाळते, पण वाचनाचा निर्णयही त्याच्याकडून काढून घेते. ज्या दिवशी चिन्हे गळतात, त्या दिवशी तो प्रथमच वाचू लागतो, आणि चुकूही लागतो. हे चुकणे अरबीच्या वाचनाला बाहेरून चिकटलेले नाही. खुद्द अरबांनाही त्यातूनच जावे लागते.

देशीपणाची चर्चा करताना मराठी समीक्षेलाही जन्मसिद्ध भाषिक जाणिवेचा शेवटचा पुरावा मानण्याचा मोह होतो. अशा वेळी सीबवैह आठवावा. तो साक्षीत हरला. भाषा मात्र त्याच्या पुस्तकावरून शिकली गेली.